मॉड्युलर चेसिस काढून दोन फिक्स्ड राउटर बसवताना : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

एका केंद्रातला मुख्य राउटर, म्हणजे ग्राहकांचा ट्रॅफिक योग्य मार्गाने पुढे पाठवणारं यंत्र, बदलायचा आहे. सध्या तिथे मॉड्युलर चेसिस आहे, म्हणजे कार्डं घालता-काढता येतील असा सांगाडा : आठ स्लॉट, त्यांतले दोन कंट्रोल कार्डांचे (राउटरचा मेंदू), सहा लाइन कार्डांचे (ज्यांवर पोर्ट असतात). बनावट आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे येणाऱ्या अडचणी कुठल्या एका बनावटीच्या नाहीत. जिथे आकड्यांशिवाय मुद्दा कळणार नाही तिथे माहितीपत्रकं सहज मिळतात अशा राउटरांची उदाहरणं देतो.

आज नुसती मोजदाद. सहापैकी तीन स्लॉट भरलेले, तीन रिकामे. रिकाम्यांवरची पत्र्याची झाकणं चेसिस आलं त्या दिवसापासून निघालेली नाहीत. खरेदीच्या जुन्या फाइलमध्ये हे तीन स्लॉट ‘भविष्यातील वाढीसाठी’ म्हणून दाखवलेले आहेत. वाढ भरपूर झाली, पण पोर्टच्या संख्येत नाही, वेगात. १ गिगाचे (सेकंदाला गिगाबिट) ग्राहक १० वर गेले, १० गिगाचे अपलिंक (पुढच्या नेटवर्ककडे जाणाऱ्या लिंक) आता १०० वर न्यायचेत. आणि स्लॉटला मागून किती गिगा मिळणार हे रिकाम्या जागेवर ठरत नाही, कार्डांना आतून एकमेकांशी जोडणाऱ्या फॅब्रिक कार्डावर ठरतं. आमच्या फॅब्रिकला १०० गिगाचं कार्ड चालतच नाही.

सिस्कोच्या एएसआर १००० मालिकेतलं एसआयपी-१० हे कॅरियर कार्ड यासाठी बघण्यासारखं आहे. त्यात छोट्या मॉड्यूलच्या चार जागा. प्रत्येकीत १० गिगाचं पोर्ट बसतं. पण कार्डातून, ट्रॅफिक पुढे वळवणाऱ्या फॉरवर्डिंग कार्डाकडे जाणारा रस्ता एकूण १० गिगाचा. जास्त हवं असेल तर एसआयपी-४० घ्यायचं. हे सगळं माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलेलं असतं. घेणारा मात्र जागा मोजतो.

९ जानेवारी

समोर दोन प्रस्ताव. पहिला : चेसिस तसंच ठेवून आतलं बदलायचं. यादी करायला घेतली आणि ती थांबेचना. फॅब्रिक कार्डं दोन. कंट्रोल कार्डंही दोन, कारण नवं फॅब्रिक ज्या सॉफ्टवेअरवर चालतं त्याला जुन्या कंट्रोल कार्डांची मेमरी पुरत नाही. १०० गिगाचं लाइन कार्ड. ते जास्त वीज ओढतं म्हणून पॉवर सप्लाय. ते जास्त तापतं म्हणून पंख्यांचा ट्रे. जुनं म्हणून शेवटी उरणार तो पत्रा, बॅकप्लेन (कार्डं ज्यात खोचतात तो मागचा बोर्ड) आणि १ गिगाची दोन कार्डं.

त्या दोन कार्डांवर जरा थांबावं लागलं. जुनं आणि नवं कार्ड एकाच चेसिसमध्ये चालतं का, याचं उत्तर बहुतेकदा ‘चालतं’ असं मिळतं, पण कोणत्या अटीवर ते दुसऱ्या कागदात असतं. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ६५०० या चेसिसवर काम केलेल्यांना हे पाठ असेल : सुपरव्हायझरवर (तिथलं कंट्रोल कार्ड) ३बीएक्सएल हा फॉरवर्डिंगचा भाग, म्हणजे सुमारे दहा लाख मार्गांची क्षमता, आणि एखाद्या लाइन कार्डावर साधं ३बी, म्हणजे अडीच लाखांच्या आसपास. हे दोन्ही एकत्र आले की अख्खी यंत्रणा ३बी च्या पातळीवर उतरते. सगळ्यांत कमकुवत कार्ड सगळ्यांची उंची ठरवतं. आमच्या चेसिसमध्येही ट्रॅफिक थांबवून ठेवणाऱ्या रांगांच्या संख्येबाबत अशीच अट निघाली.

दुसरा प्रस्ताव : १ यू उंचीचे (रॅकमधल्या एका घराएवढे) दोन फिक्स्ड, म्हणजे कार्डं नसलेले, राउटर, शेजारी शेजारी, दोन्ही चालू.

खरा प्रश्न इथे स्पष्ट झाला. चेसिसमध्ये सगळ्या गोष्टींची जोडी डब्याच्या आत असते : दोन कंट्रोल कार्डं, दोन फॅब्रिक, वीजपुरवठ्याच्या दोन बाजू. फिक्स्डमध्ये कंट्रोलचा भाग एकच, बोर्डावर बसवलेला. तिथे जोडी डब्याबाहेर करायची आणि ती जुळवायचं काम आपल्या अंगावर. आमचं मत दुसऱ्या प्रस्तावाकडे झुकण्याचं एक कारण जुनं आहे. या चेसिसमध्ये मागे एकदा बीजीपीच्या (नेटवर्कं एकमेकांना मार्ग कळवतात ती पद्धत) एका खराब संदेशाने मुख्य कंट्रोल कार्डाची प्रक्रिया कोसळली. ताबा दुसऱ्या कार्डाकडे गेला आणि तेही तसंच कोसळलं. दोन्हींवर एकच सॉफ्टवेअर, समोर तोच संदेश. हार्डवेअरची जोडी सॉफ्टवेअरच्या दोषापुढे जोडी राहत नाही.

१० जानेवारी

फिक्स्डच्या विरोधातला सगळ्यांत वजनदार मुद्दा मार्गांच्या तक्त्याचा (कुठल्या पत्त्याचा ट्रॅफिक कुठे पाठवायचा याची यादी), म्हणून तो आधी तपासला. १२ ऑगस्ट २०१४ रोजी इंटरनेटचा आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा) तक्ता ५१२ हजारांच्या पुढे गेला आणि ठिकठिकाणचे राउटर अडखळले, कारण त्या काळच्या बऱ्याच यंत्रांत हार्डवेअरची जागा आयपीव्ही४ साठी तेवढीच राखलेली होती. त्यांतल्या काहींना जागेची वाटणी बदलून आणि राउटर पुन्हा चालू करून निभावता आलं. मॉड्युलरमध्ये अशा वेळी निदान कार्ड बदलायची सोय असते. फिक्स्डमध्ये चिपमधली जागा संपली की डबा बदलायचा, दुसरा उपाय नाही.

आता आयपीव्ही४ चा पूर्ण तक्ता दहा लाखांच्या घरात आहे, नव्या पद्धतीच्या पत्त्यांचा, म्हणजे आयपीव्ही६ चा, दोन लाखांच्या वर. विक्रेत्याच्या कागदावर ‘राउट्स’ या एका शब्दात दोन वेगळे आकडे फिरत होते : सॉफ्टवेअरच्या मेमरीत किती मावतात आणि फॉरवर्डिंग चिपमध्ये किती मावतात. पहिला बहुतेकदा मोठा असतो आणि जाहिरातीत तोच असतो. दुसरा मागून घेतला, तोही आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ एकत्र भरल्यावरचा. दुपटीहून जास्त जागा शिल्लक राहते म्हटल्यावर पुढे गेलो.

१४ जानेवारी

पोर्टचा हिशेब. फिक्स्ड राउटरच्या तोंडावर दिसणारी सगळी पोर्ट एकाच वेळी पूर्ण वेगाने चालतील असं धरू नये. ज्युनिपरच्या एमएक्स २०४ वर क्यूएसएफपी२८ ची (१०० गिगाची) चार आणि एसएफपी प्लसची (१० गिगाची) आठ पोर्ट आहेत, पण एकूण क्षमता ४०० गिगा. चारही पोर्ट १०० गिगावर चालवली तर १० गिगाची आठ बंद ठेवावी लागतात. तीन चालवली तर आठही मिळतात. आम्ही घेत असलेल्या डब्यातही अशाच जोड्यांचा तक्ता आहे. तो छापून रॅकच्या दारावर लावला, नाहीतर कुणीतरी रात्री रिकामं पोर्ट बघून ऑप्टिक (फायबर जोडायचं मॉड्यूल) खोचणार.

१ गिगाचे ग्राहक अजून बरेच आहेत. एसएफपी आणि एसएफपी प्लस आकाराने सारखे, त्यामुळे १ गिगाचं मॉड्यूल १० गिगाच्या पोर्टमध्ये बसतं. चालतं का, हा वेगळा प्रश्न. आमच्या डब्यात चालतं, पण मग त्या पोर्टच्या अख्ख्या गटाचा वेग १ वर येतो. म्हणजे नाहीच. शेवटी १ गिगाचे सगळे ग्राहक दोन स्विचवर घ्यायचे, प्रत्येकाला वेगळा व्हीलॅन (त्याच तारांवरचं स्वतंत्र आभासी नेटवर्क), आणि स्विचमधून १० गिगाचा एकेक अपलिंक दोन्ही राउटरना. फिक्स्डच्या खर्चात हे दोन स्विच, त्यांची वीज, त्यांचं सॉफ्टवेअर सांभाळणं आलं. तुलनेच्या तक्त्यात हे कुणी लिहीत नाही.

उरल्या दोन जुन्या ई१ लिंक (टेलिफोनच्या काळातल्या, कमी वेगाच्या). या वर्गातला कुठलाच फिक्स्ड डबा ई१ देत नाही. त्यासाठी शाखा कार्यालयात वापरतात तसला छोटा मॉड्युलर राउटर ठेवायचा ठरलं. मॉड्युलरपणा खरोखर उपयोगी पडतो तो अशा ठिकाणी : वेग कमी, इंटरफेसचे प्रकार अनेक. सिस्को आयएसआर ४३३१ मध्ये एनआयएम या छोट्या कार्डांच्या दोन आणि सर्व्हिस मॉड्यूलची एक जागा आहे. ई१ कार्ड टाका, नाहीतर स्विचचं टाका. मात्र आधीच्या पिढीची ईएचडब्ल्यूआयसी कार्डं एनआयएमच्या जागेत बसत नाहीत, तेव्हा जुनी कार्डं पुढे कामाला येतील हा हिशेब तिथेही चालत नाही.

२१ जानेवारी

सामान आलं. दोनपैकी एका डब्याचे पंखे उलट दिशेचे निघाले. १ यू डब्यांना हवेची दिशा निवडता येते : पोर्टच्या बाजूने आत किंवा पोर्टच्या बाजूने बाहेर. मागणीपत्रात दिशा लिहिलेली होती, तरी एक तसा आला एक असा. दोन्ही शेजारी लावले असते तर एकाची गरम हवा दुसऱ्याने ओढली असती. पंखे बदलून मिळेपर्यंत आठवडा गेला. पण नुसते पंखेच बदलावे लागले, हे महत्त्वाचं. फिक्स्ड म्हणजे सगळं डाग देऊन पक्कं केलेलं असं नव्हे. पॉवर सप्लाय आणि पंखे बहुतेक चांगल्या डब्यांत चालू असतानाच काढता-घालता येतात. पक्का असतो तो मधला बोर्ड. एक बारीक गोष्ट : पॉवर सप्लायमध्येही पंखा असतो आणि त्याचीही दिशा असते. दोन्हींच्या कडीवरचा रंग जुळला पाहिजे.

हवेचा विषय निघाला म्हणून : मोठ्या चेसिसमध्येही हे बघावं. ज्युनिपरचं एमएक्स ४८० हवा एका बाजूने घेऊन दुसऱ्या बाजूने सोडतं, एमएक्स ९६० समोरून घेऊन मागे. पुढे थंड, मागे गरम अशी मांडणी असलेल्या खोलीत बाजूने श्वास घेणारं चेसिस शेजारच्या रॅकची गरम हवा पितं. आमच्या जुन्या चेसिसचं तापमान कायम वरचढ का असायचं, याचं निम्मं कारण हे.

डब्याची लांबी जुन्या रॅकला जेमतेम पुरली. मागच्या पट्ट्या सरकवाव्या लागल्या आणि वीजवाहिनीची उभी पट्टी दुसऱ्या कोपऱ्यात न्यावी लागली.

२९ जानेवारी

टेबलावरची चाचणी. जास्तीत जास्त वेळ खाल्ला तो १०० गिगाच्या एका लिंकने. समोर दुसऱ्या केंद्रातलं चेसिस, मधे लांब अंतराची एलआर४ ऑप्टिक्स. दोन्ही टोकांना मिळणारा प्रकाश उत्तम, चारही लेनचे (प्रकाशाच्या वाहिन्यांचे) आकडे योग्य, लिंक मात्र खाली. ऑप्टिक बदललं. पॅच कॉर्ड बदलली. कनेक्टर पुसून पुन्हा लावले. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली. अर्धा दिवस पोर्टच खराब असं समजून डबा परत पाठवण्याच्या गोष्टी चालल्या.

कारण एफईसी, म्हणजे वाटेत झालेल्या चुका दुरुस्त करण्याची सोय. मानकानुसार १०० गिगाच्या, कमी अंतराच्या एसआर४ ला रीड-सॉलोमन एफईसी लागतेच, एलआर४ ला लागत नाही. आमचा नवा डबा सगळ्या १०० गिगा पोर्टवर ती सरसकट चालू ठेवत होता. समोरचं जुनं कार्ड एलआर४ ओळखून ती बंद ठेवत होतं. एका बाजूला चालू, एका बाजूला बंद असेल तर लिंक कधीच वर येत नाही, मग प्रकाश कितीही चांगला असो. पोर्टवर एफईसी बंद असं हाताने लिहिलं आणि लिंक लगेच वर आली. प्रकाश ठीक आणि लिंक खाली दिसली की पहिल्यांदा हेच बघावं.

३ फेब्रुवारी

कॉन्फिगरेशन हलवणं. चेसिसमध्ये इंटरफेसच्या नावात स्लॉट, उपस्लॉट, पोर्ट असतो. नव्या डब्यात स्लॉट कायम शून्य. नावं बदलण्यासाठी छोटी स्क्रिप्ट पुरली. अडलं ते आलेखांवर. निगरानीची यंत्रणा इंटरफेसला नावाने नाही, एसएनएमपीच्या (उपकरणांकडून आकडेवारी घेण्याची पद्धत) क्रमांकाने ओळखत होती आणि नव्या डब्यातले क्रमांक वेगळे. चाचणीत एका ग्राहकाचा वापर दुसऱ्याच्या नावावर दिसू लागला. मासिक बिल त्याच आकड्यांवर निघतं, तेव्हा हे चाचणीत दिसलं ते बरंच. आता ओळख इंटरफेसच्या नावावरून होते आणि क्रमांक राउटर पुन्हा चालू झाला तरी टिकतील अशी सोय डब्यातही चालू केली आहे.

ओएसपीएफ (आतल्या नेटवर्कमधले मार्ग कळवणारी पद्धत) दुसऱ्याच केंद्राशी एक्सस्टार्ट या सुरुवातीच्या अवस्थेत अडकून बसला. कारण एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. एक बनावट इथरनेट हेडर धरून मोजते, दुसरी सोडून. १४ बाइटांचा फरक.

९ फेब्रुवारी

आज जाणूनबुजून मोडतोड. एका डब्याची वीज काढली. शेजारी गेल्याचं झटपट ओळखणाऱ्या बीएफडीने एका सेकंदाच्या आत दुसऱ्याकडे वळवलं, ग्राहकांच्या बाजूला व्हीआरआरपीनेही (दोन राउटरपैकी ताबा कुणाकडे हे ठरवणारी पद्धत) काम केलं. छान.

मग वीज परत दिली आणि घोटाळा झाला. डबा उठला, पोर्ट वर आली, व्हीआरआरपीत याची प्राथमिकता जास्त असल्याने त्याने लगेच ताबा परत घेतला. बीजीपीचा तक्ता तेव्हा नुकता भरू लागला होता. ग्राहकांचा ट्रॅफिक याच्याकडे येत राहिला आणि मार्ग नसल्याने टाकला जात राहिला. चेसिसमध्ये कंट्रोल कार्ड बदललं तरी लाइन कार्डांवरचा तक्ता तसाच राहतो, त्यामुळे हा प्रकार तिथे कधी बघायला मिळाला नव्हता. जोडी डब्याबाहेर काढल्यावर अंगावर येतं म्हणालो होतो, ते हे.

पहिला उपाय : ताबा परत घेण्याआधी थांबण्याची वेळ लावली. बीजीपीने तक्ता पूर्ण झाल्याचं सांगितलं की त्यानंतर थोडं, असा अंदाज धरला. तरी काही ट्रॅफिक हरवत होता. तक्ता सॉफ्टवेअरमध्ये भरला म्हणजे चिपमध्ये उतरला असं नाही. दहा लाख मार्ग चिपमध्ये लिहायला वेगळा वेळ जातो आणि आमच्या डब्याचा प्रोसेसर चेसिसच्या कंट्रोल कार्डाइतका दांडगा नाही. थांबण्याची वेळ चिपमधले मार्ग मोजून ठरवली आणि पुरेशी मोकळी ठेवली. शिवाय डबा उठताना आतल्या नेटवर्कला ‘माझ्याकडून जाऊ नका’ असं सांगणारा ओव्हरलोडचा संकेत तेवढाच वेळ चालू राहील असं केलं. दुसऱ्या डब्याकडे जाणारा एक डीफॉल्ट मार्गही ठेवला, म्हणजे यातून काही निसटलंच तर ट्रॅफिक शेजारी जाईल, जमिनीवर सांडणार नाही.

ठरवून डबा बंद करायचा असेल तर आरएफसी ८३२६ या इंटरनेटच्या मानकातली ग्रेसफुल शटडाउनची कम्युनिटी (मार्गासोबत पाठवायची खूण), ६५५३५:०, वापरतो. शेजारी आधी दुसरा मार्ग धरतात, मग आपण सत्र पाडतो. मात्र शेजाऱ्याने ती मानायची सोय केलेली असावी लागते. आमच्या एका अपलिंकने केलेली नव्हती, विचारल्यावर केली.

या सगळ्याचा फायदा लगेच मिळाला. दोन डब्यांवर मुद्दाम वेगवेगळ्या सॉफ्टवेअर आवृत्त्या ठेवल्या आहेत. नवी आधी एकावर, काही आठवडे बघून दुसऱ्यावर. चेसिसमध्ये हे शक्यच नव्हतं.

१६ फेब्रुवारी

प्रत्यक्ष बदलाची रात्र. जुनं चेसिस आणि नवी जोडी यांच्यात १० गिगाच्या लिंक टाकून ग्राहक एकेक करून हलवले. विशेष काही नाही. दोन ग्राहकांच्या उपकरणांनी जुना मॅक पत्ता (यंत्राचा हार्डवेअर पत्ता) धरून ठेवला, त्यांना पोर्ट खाली-वर करून जागं करावं लागलं.

चेसिस काढताना आधी सगळी कार्डं, पॉवर सप्लाय आणि पंखे काढले, मगच उचललं. कार्डांच्या किंवा पॉवर सप्लायच्या कड्यांना धरून कुणी उचलत असेल तर तिथेच थांबवा. त्या कड्या त्या भागाचं वजन पेलण्यापुरत्याच असतात.

१२ मार्च

आठ यू ची जागा मोकळी झाली, वीज निम्म्याहून कमी लागते. सुटे भाग म्हणून कपाटात आता कार्डांऐवजी तसाच एक तिसरा डबा आहे, आणि तो या पद्धतीने बदलणाऱ्या पुढच्या केंद्रालाही चालेल. हा फायदा मोठा आहे. चेसिससाठी प्रत्येक प्रकारचं एकेक कार्ड ठेवावं लागायचं आणि नेमकं लागेल ते कार्ड कपाटात नसायचं.

एक पोर्ट गेलंय : ऑप्टिक तिरकं खोचल्याने आतली पिन वाकली. चेसिस असतं तर कार्ड बदललं असतं. इथे ते पोर्ट झाकून ठेवलं आहे, अख्खा डबा त्यासाठी बदलणं परवडत नाही.

आता खटकणारी गोष्ट. दोन डबे एकमेकांना जोडायला प्रत्येकाचं १०० गिगाचं एक पोर्ट जातं. प्रत्येकाकडे चार, त्यांतलं एक जोडणीत, आणि एका डब्यात एक वाकलेलं. अपलिंक एकाचा दोन झाला की ट्रॅफिक आडवा जास्त वाहील आणि जोडणीलाही दोन पोर्ट लागतील. मग निम्मी पोर्ट फक्त एकमेकांशी बोलण्यात खर्ची. चेसिसमध्ये हे काम फॅब्रिक करतं, पुढचं एकही पोर्ट न घेता. दोनाचे तीन, तीनाचे चार डबे करत गेलो तर जोडण्यांचा हिशेब आणखी बिघडत जातो.

पुढची केंद्रं दोन आहेत. लहान केंद्रात हाच आराखडा, हवेची दिशा आणि एफईसी आधीच तपासून. मोठ्या केंद्रात १०० गिगाची डझनभर पोर्ट सुरुवातीलाच लागणार आहेत, तिथे चेसिसचा प्रस्ताव मागवला आहे : सगळे स्लॉट पहिल्या दिवशी भरलेले, आणि प्रत्येक स्लॉटला फॅब्रिककडून किती गिगा मिळतात, एक फॅब्रिक कार्ड बंद पडल्यावर किती उरतात, हे दोन आकडे लेखी. पहिला आकडा आला आहे, दुसऱ्याची वाट बघतोय.